उ-अकरा आणि डाळिंबी ओढणी

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगवहीत शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही वेगळी वही. त्या वहीत तारीख, तापमान, निकाल. या वहीत बाकीचं सगळं.

आज झालं! साडेतीन वर्षं ज्या पेशी माझ्याकडे ढुंकून बघत नव्हत्या, त्या आज सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्यागार पेटल्या. उजैरचं अकरावं रसायन थेंबभर टाकलं आणि स्क्रीनवरची कॅल्शियमची रेघ जी वर गेली, ती खाली यायचं नाव घेईना. उजैर खालच्या मजल्यावर रसायनं बनवतो, मी वरच्या मजल्यावर ती पेशींवर टाकून बघते. त्याची आधीची दहा रसायनं मी वाया घालवली असं त्याचं मत, आणि त्यानं दहा वेळा कचरा बनवला असं माझं. या अकराव्याला आम्ही उ-अकरा म्हणतो.

सर्जेराव सर धावत आले. माझे मार्गदर्शक. त्यांना धावताना मी याआधी फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहिलं होतं. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "सुलेखा, हे आपण करून दाखवलं!" आमच्याकडे यश आलं की 'आपण' असतं, अपयश आलं की 'तुझा प्रयोग' असतो.

संध्याकाळी फुलंब्रीहून आईचा फोन.

"झालं म्हंजी नेमकं काय झालं गं?"

"आई, पेशीच्या पोटात कॅल्शियमचं एक कोठार असतं. ते रिकामं झालं की पेशीला ताण येतो. ताण फार झाला की ती स्वतःलाच संपवते. कॅन्सरच्या पेशीला असा ताण देता आला तर पाहिजेच आहे ना? म्हणून ते कोठार उघडणारं औषध सगळे शोधतात. एक जुनं आहे, पण ते सगळ्याच पेशींना मारतं. आमचं नवीन आहे."

"कोठारच उघडलं हे कशावरनं? बाहेरनं आत शिरलं आसंल कॅल्शियम."

कधी कधी वाटतं सरांच्या जागी आई पाहिजे होती. "म्हणूनच बाहेर कॅल्शियमचा कणही नसलेल्या पाण्यात पेशी ठेवल्या होत्या. तरी आत वाढलं."

"बरं. मंग तू डाक्टर व्हतीस का नाय?"

"जूनच्या आत प्रबंध दिला तर. नाहीतर नोंदणी संपते."

"मंग कोठार-बिठार नंतर बघ. आधी प्रबंध दे."

आता वाईट बातमी. शनिवारी यायचं पाणी आजही आलं नाही. माझी खोली चिकलठाण्यात लॅबच्या मागच्याच गल्लीत आहे. दोन्हीकडे एकाच लाइनीचं पाणी, त्यामुळे बोंबही एकाच वेळी. चार दिवस तोच ड्रेस, तीच डाळिंबी ओढणी. त्यात सकाळी वहाबचाचांनी दारातच सांगितलं, "मॅडम, पानी नै. मशीन बंद है."

चाचा आमचे लॅब सहायक, ऑगस्टमध्ये निवृत्त होतायत. मशीन म्हणजे पाणी उकळून शुद्ध करणारं. लिटरभर शुद्ध पाण्यासाठी ते चाळीस लिटर पाणी नुसतं थंड करायला पितं. टँकरचं पाणी त्यात घालायला सरांची सक्त मनाई, कारण आतल्या कांडीवर पांढरा थर बसून ती जळते. आजवर पाणी नाही म्हटलं की माझा दिवस बुडायचा. एकदा तर मी जिन्यात बसून रडले होते. आज रडू आलं नाही, राग आला. म्हटलं, "चाचा, पाणी नाही हे मला ऐकायचंच नाही. मला कॅन भरलेला दिसला पाहिजे. कसा ते तुम्ही बघा."

अर्ध्या तासात कॅन भरलेला. साडेतीन वर्षं उगाच गोड बोलत बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल झालं, आज झालं. तीन दिवस सलग. उजैरनं डब्यातून शीरखुर्मा आणला. ईद लांब आहे, तरी त्याच्या अम्मीनं केला. पाणी अजून नाही. केसांना हात लावायची सोय नाही, पण माझ्यासारख्या शास्त्रज्ञाला केसांचं काय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पहाटे पाणी आलं. नरडं फुटेस्तोवर सगळ्या गल्लीनं एकमेकींना हाका मारल्या. मी बादल्या, पिंप, पातेली, शेवटी चहाचे कपसुद्धा भरले. ड्रेस, चादर, ओढणी, सगळं धुतलं. न्हाऊन माणसात आले.

लॅबमध्ये पेशी मख्ख. उ-अकरा टाकलं, दुप्पट टाकलं, काही नाही. सासरच्या माणसांसमोर बसल्यासारख्या चूप.

सर म्हणाले, "मशीन आजारी दिसतंय." प्रयोगवहीत तसंच लिहिलं: उपकरणदोष.

१० फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी मख्ख. आज मख्ख. चाचांचं मशीन धडधडीत चालू, कॅन काठोकाठ, मी धुतलेल्या कपड्यांत स्वच्छ, आणि निकाल शून्य. उजैर वर येऊन माझ्या डोक्यावर उभा. "तू काय बदललंस? सच बोल."

मी काय बदलणार? अंघोळ केली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल झालं, आज झालं! रेघ आढ्याला टेकली.

हे फक्त इथं लिहिते. काल सकाळपासून पुन्हा टाकी कोरडी, धुतलेले कपडे संपले, म्हणून काल ती डाळिंबी ओढणी न धुता चौथ्यांदा घातली. मागच्या वेळी झालं तेव्हाही तीच होती, न धुतलेली. धुतली आणि गुण गेला. मी हसून सोडून दिलं, पण आज मुद्दाम तीच घातली आणि झालं.

ज्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी पाढे पाठ केले, त्या घरातली मुलगी पेशी ओढणीला भितात असं वहीत लिहिते आहे. आईला कळलं तर ओढणीसकट चुलीत घालील.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल पाणी आलं. सगळं धुतलं, ओढणी सोडून. आज सुट्टी असूनही दिवसभर मीटिंग, प्रयोग नाही. सरांनी संस्थेच्या बैठकीत उ-अकराची आठ मिनिटं घेतली, त्यातली सहा स्वतःच्या खडतर बालपणाची. उद्या पाणी असताना न धुतलेली ओढणी घालून बघायची. शास्त्रीय पद्धत म्हणजे हीच ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परवापासून टाकी कोरडी; परवा आणि काल झालं. आज पेपर लिहायला बसलो. सरांनी माझी यादी मागितली. सात चांगले दिवस, तीन वाईट. सरांनी पेन उचलून ते तीन दिवस असे खोडले, जणू लग्नाच्या यादीतून भांडलेल्या मावशा काढताहेत.

मी म्हटलं, "सर, ते तीन दिवस मशीन खरंच आजारी होतं का, आपण तपासलं नाही."

"आजारी नसतं तर निकाल आला नसता का?"

मी पुढचा मुद्दा काढला. शिवाय रिवाज असा की, बाहेरच्या पाण्यात उरलंसुरलं कॅल्शियम असेल तर ते पकडून ठेवणारी एक पावडर घालतात. आमची दिवाळीपासून संपलेली आहे. सर म्हणाले, "पाणीच शुद्ध आहे, तर पकडायचं काय?" हेही बरोबरच वाटलं. पेपर गेला. शीर्षकात 'कोठाराचा नवा दरवाजा' असे शब्द आहेत, माझे.

१२ मार्च, बुधवार

ऊन असं की डोळे मिटून चालावं लागतं. नळाला पाणी नसल्याचा दहावा दिवस. चाचा मात्र सोनं आहेत. आज कॅन दाखवायला स्वतः वर आले. "देखो मॅडम, फुल. नवा कपडा लिया, तीन घडी करके. तुमारा काम रुकने नै देता मैं."

धूळ जाऊ नये म्हणून कॅनच्या तोंडाला कपडा बांधतात बिचारे. उन्हाळ्यात किती काळजी. निकाल उत्तम.

२ एप्रिल, बुधवार

पेपर तपासणाऱ्यांचं पत्र आलं. दोघं खूश आहेत. तिसऱ्याची एकच मागणी: कॅल्शियम पकडणारी पावडर घालून तोच प्रयोग करून दाखवा. एका वाक्याचं पत्र. असा माणूस घरी कसा वागत असेल?

सरांनी हैदराबादहून पावडर मागवली. बावीस तारखेला माझं प्रबंधपूर्व सादरीकरण आहे. ते झालं की प्रबंध देता येतो.

८ एप्रिल, मंगळवार

पावडर आली. ओढणी न धुतलेली. टाकी कोरडी. सगळं जिथल्या तिथं.

पावडर घातली. रेघ आडवी. पुन्हा केलं, आडवी. पावडर न घालता केलं, रेघ आढ्याला. पावडर घातली, आडवी. पाच वेळा.

हातातलं बीकर सुटून ओट्यावर पडलं, हात चिकट झाले. नळाला पाणी नाही म्हणून कॅनमधलं तांब्याभर घेतलं आणि साबण चोळला. चोळतेय, चोळतेय, फेसच येईना. हाताला पांढरी साय आल्यासारखं.

या शहरात पोरंसोरंसुद्धा ओळखतात की हे टँकरमधून येणारं बोअरचं पाणी आहे. या पाण्यात डाळ शिजत नाही, केस मऊ होत नाहीत, साबण फेसाळत नाही. कॅल्शियमनं ठासून भरलेलं असतं. मी ते 'कॅल्शियमचा कणही नसलेलं पाणी' म्हणून दोन महिने पेशींना पाजत होते. शुद्धता मोजायचा मीटर दोन वर्षांपासून दुरुस्तीला गेलाय, आणि तो परत आणायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण कॅनवर 'शुद्ध' असं लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

९ एप्रिल, बुधवार

चाचांना जिन्यात गाठलं. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"हां, टँकर का भरा. मशीन में डालना मना है ना, सर बोले. तो मैं सीधा कॅन में भरा, तीन घडी कपडे में छानके. मशीन भी बच गई, तुमारा काम भी हो गया."

म्हणजे टँकरचं पाणी मशीनमध्ये घातलं असतं तर शुद्ध झालं असतं. पण मशीन जपायचं म्हणून ते मशीनला चुकवून थेट माझ्या पेशींपर्यंत आणलं. आणि मला ओरडताही येईना.

"चाचा, मला सांगायचं ना."

"तुम बोले थे, पानी नै ये सुनना ही नै मेरेकू." ते खाली बघत होते. "उस दिन सीढी पे रोते बैठे थे तुम. मेरी छोटी लडकी की याद आई. उसकू भी मैं पढा नै सका."

खोलीवर येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. नळ कोरडा तो दिवस चांगला. नळाला पाणी तो दिवस वाईट. एकही तारीख हुकली नाही. आणि ओढणीचं म्हणाल, तर पाणी नसलं की मी ती धूत नव्हते. पेशी ओढणीला नाही, टँकरला भीत होत्या. मी वही मिटली आणि हसायला लागले, मग रडायला लागले. शेजारच्या काकूंनी भिंतीवर ठोकलं.

१० एप्रिल, गुरुवार

मेडिकलमधून इंजेक्शनचं पाणी आणलं, एकेक कुपी फोडून. उजैर शेजारी उभा. रेघ आडवी. मग त्याच पाण्यात बाहेरून कॅल्शियम घातलं आणि रेघ आढ्याला.

"म्हणजे?" तो म्हणाला, पण त्याला कळलं होतं.

"म्हणजे उ-अकरा कोठाराला हात लावत नाही. पेशीच्या बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतं. बाहेर जे असेल ते आत शिरतं."

"भोकं तर भांडी घासायचा साबणही पाडतो."

"हो."

तो स्टुलावर बसला. "चार साल में मैंने साबून बनाया." मग म्हणाला, "अम्मीला सांगायचं नाही. तिनं पुन्हा शीरखुर्म्याचं दूध आणलंय." मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

११ एप्रिल, शुक्रवार

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, उजैरला, चाचांना."

"वहाब तर ऑगस्टला चाललाय." खिडकीबाहेर विमान उतरत होतं, सरांनी खिडकीही लावून घेतली. "पावडर मिळाली नाही असं लिहू. दोन जण खूश आहेतच. आणि तुझी मुदत जूनची आहे, माझी नाही. उ-अकरा गेलं तर तुझ्याकडे प्रबंधात घालायला उरतं काय?"

"काहीच नाही, सर."

"मग?" नंतर एकदम हळू आवाजात, "बारा वर्षांत माझा हा पहिला पेपर आहे, सुलेखा."

'माझा' म्हणाले. 'आपला' नाही. मला त्यांचा इतका राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीला फुलंब्रीला. विहारात गर्दी, निळे झेंडे, पोरांची भाषणं. आईनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. वस्तीतल्या कचरूदादांनी माइकवर नाव पुकारलं, "आपल्या वस्तीच्या लेकीनं मोठा शोध लावला." शाल, गुच्छ, टाळ्या. मी नमस्कार करून खाली बसले. 

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापता थापता ऐकत होती.

"मंग खोटं निघालं तर खोटं म्हण की. त्याला काय हुतंय?"

"प्रबंध जाईल, आई."

"जाऊ दे." मग तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. भाकरी करपली. पोरगी पीएच.डी. झाली की नावापुढे काय लिहायचं हे तिनं दाराच्या पाटीसाठी पेंटरला विचारून ठेवलंय, हे मला धाकट्या भावानं सांगितलं. तिनं नाही सांगितलं.

२२ एप्रिल, मंगळवार

झालं एकदाचं.

पहिल्या चित्रात उ-अकराची आढ्याला टेकलेली रेघ दाखवली. दुसऱ्यात तीच रेघ आडवी. मग सांगितलं, पहिलं टँकरचं पाणी आहे. सभागृहात कोणीतरी खोकलं. सर पहिल्या रांगेत, मांडीवरच्या कागदाला घड्या घालत.

समितीतल्या एकानं विचारलं, "असलं पाणी भरलं कोणी?" आणि सर म्हणाले, "सहायकाकडून चूक झाली आहे, आम्ही कारवाई..." चाचा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "पाणी नाही हे मला ऐकायचंच नाही असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मी सांगितलं तसं केलं. पाणी तपासायचं काम माझं होतं."

चाचांनी ट्रे कोणाच्या तरी वहीवर ठेवला आणि बाहेर गेले.

हैदराबादहून आलेल्या जहांआरा मॅडम समितीच्या अध्यक्ष. कडक बाई, चष्म्यावरून बघतात. त्या म्हणाल्या, "रसायन गेलं ते गेलं. पण पाण्यामुळे असे निकाल किती लॅबमध्ये येत असतील, हे कोणी मोजलेलं नाही. हे नीट मांडलंत तर प्रबंध होईल, आणि मी मुदत वाढवून मागेन. फक्त एक अट. कोणत्या दिवशी कोणतं पाणी होतं, याची त्या त्या दिवशी लिहिलेली नोंद लागेल. नंतर आठवून केलेली नाही. आहे?"

"आहे," मी म्हटलं. विचार करायच्या आत.

"मूळ वही जमा करा. प्रत्येक पानावर मार्गदर्शकांची सही घेऊन."

सरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, प्रयोगवही. प्रयोगवहीत पाण्याचा उल्लेखच नाही. नळ कधी आला, टाकी कधी कोरडी पडली, हे सगळं फक्त या वहीत आहे. सर धावतात कधी, बालपण किती मिनिटांचं आहे, हेही.

उजैरला सांगितलं तर तो जिन्यातच बसून पोट धरून हसला. दहा एप्रिलनंतर पहिल्यांदा.

२४ एप्रिल, गुरुवार

सर, उद्या सकाळी ही वही तुमच्या टेबलावर येईल. पानं फाडायचा विचार दोनदा केला. पण फाटलेल्या वहीला पुरावा म्हणत नाहीत, हे तुम्हीच पहिल्या वर्षी शिकवलंत. तुमच्याबद्दल जे लिहिलंय त्याची माफी मागावी की नाही हे ठरत नाही. त्यातलं बरंचसं खरं आहे. अकरा एप्रिलचं पान मात्र जरा सावकाश वाचा.

एक गोष्ट या वहीत नाही. सत्तावीस फेब्रुवारीला तुम्ही तीन दिवस खोडलेत, ते मी मजेत लिहून ठेवलंय. पण वाईट दिवस तीन नव्हते, पाच होते. वीस आणि एकवीस फेब्रुवारीला नळाला पाणी होतं, मी ठरवल्याप्रमाणे न धुतलेली ओढणी घातली होती, आणि पेशी मख्ख राहिल्या. मी घाबरले. ते दोन दिवस मी यादीत लिहिलेच नाहीत, तुम्हाला खोडायलाही दिले नाहीत. आणि इथं, जिथं बाकीचं सगळं लिहायचं ठरवलं होतं, तिथंही त्या तारखांना काही लिहिलं नाही.

त्यामुळे सह्या करायला पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी या पानावर करा. चाचांचं नाव जिथं जिथं आहे, तिथं मी शेजारी माझी सही केली आहे.